आधी तुमचा हात, मग कुत्र्याचा पाय

तुम्ही सांगितलंत ते थोडक्यात असं. दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकराच्या सुमाराला चाकण-तळेगाव रस्त्याने परत येत होतात. एका बंद टपरीच्या आडोशाला तांबूस रंगाचा कुत्रा मागचा उजवा पाय वर धरून लंगडताना दिसला. तुम्ही गाडी थांबवली, बिस्कीट पुढे केलं, त्याने ते हुंगलंही नाही. मग कमरेखाली हात घालून त्याला उचलायला गेलात, तर तो गुरगुरला आणि हातावर आला. तुम्ही मागे फिरलात, रात्रभर झोप लागली नाही, आणि आता विचारताय की अशा कुत्र्याला चावून न घेता उचलायचं कसं. सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: ‘हाताला जरासा दात लागला, पण रक्त वगैरे आलं नाही.’

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते.

आत्ता उठा, हात वाहत्या नळाखाली धरा आणि साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. काल धुतला असेल तरी पुन्हा. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नका. मग आजच जवळच्या सरकारी रुग्णालयात जा आणि ‘कुत्र्याचा दात लागलाय’ एवढंच स्पष्ट सांगा. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर तोही लस घेण्याजोगाच प्रकार आहे. पुष्कळ लोक इथेच फसतात, कारण त्यांच्या मनात ‘चावणं’ म्हणजे रक्त. धुतल्यावर त्या जागी सॅनिटायझरचा थेंब टाकून पाहा. चुरचुरलं तर कातडी उघडी आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. रक्त आलं असेल, कातडी फाटली असेल, किंवा लाळ डोळ्यात, तोंडात अथवा आधीच्या जखमेवर गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं असलेलं इंजेक्शन) हेही लागतं आणि ते जखमेत व जखमेभोवती टोचतात. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि लगेच जिल्हा रुग्णालय गाठा.

पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच गेली. आता लस दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर पाच डोस: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८. ‘कुत्रा दहा दिवस बघतो, मेला तरच घेतो’ असं करू नका. रस्त्यावरचा कुत्रा उद्या त्याच जागी असेल याची खात्री काय? रेबीजची लक्षणं माणसात दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त, आणि एकदा दिसली की औषध नाही. मी साताऱ्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते, २२ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी आवाज चढवून बोलते ती एकाच माणसाशी: दात लागलाय आणि ‘काही होत नाही हो मॅडम’ म्हणतोय त्याच्याशी.

आता कुत्र्याकडे वळू. तुमचा प्रश्न ‘उचलायचं कसं’ असा आहे. मला तो दोन पायऱ्या पुढचा वाटतो. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की या कुत्र्याला उचलायची गरज आहे का, आणि असेल तर आत्ताच आहे का. ज्यांना माया आहे तेच इथे घाई करतात, आणि चावे बहुतेक याच घाईत होतात.

तुमच्या कुत्र्याच्या जागी उभं राहून बघा. पाय ठणकतोय, अंधार आहे, समोरून हेडलाइट डोळ्यांवर आहे. एक अनोळखी उंच माणूस सरळ चालत येतो, अंगावर वाकतो, हात डोक्यावरून नेऊन दुखऱ्या पायाजवळ घालतो. तो आधी गुरगुरला, म्हणजे त्याने तुम्हाला सांगितलं. बहुधा त्याच्याही आधी सांगितलं असेल: तोंड वळवलं असेल, ओठ चाटले असतील, जांभई दिली असेल, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसला असेल, शेपूट पोटाखाली गेली असेल. भूक असून बिस्कीट न खाणं हेही सांगणंच आहे. यातलं काही दिसलं की आपण जिथे आहोत तिथून एक पाऊल मागे यायचं.

मी स्वतः काय करते ते सांगते. गाडी लांब लावते, दिवे बंद करते आणि दहा मिनिटं नुसती बघते. दहा मिनिटं म्हणजे खरोखर दहा मिनिटं. श्वास कसा चाललाय? धाप लागली असेल तर तोंड उघडं असतं, तेव्हा लांबूनच हिरड्या दिसतात. त्या गुलाबी आहेत की पांढऱ्याफटक? एकच पाय वर धरलाय की मागचे दोन्ही पाय फरफटतायत? रक्त ठिबकतंय की वाळलंय? उठतो का, पाणी पितो का, बाकीच्या कुत्र्यांच्या भुंकण्याकडे कान टवकारतो का? कानाच्या टोकाला खाच आहे का? असेल तर निर्बीजीकरण झालेलं आहे, म्हणजे या भागात कुणीतरी या कुत्र्यांकडे लक्ष देतं. मादी असेल तर सडं ओघळलेली, दुधाने भरलेली आहेत का? असतील तर जवळपास कुठेतरी पिल्लं आहेत, आणि तिला उचलून नेलंत तर ती पिल्लं मरतील.

या दहा मिनिटांत निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. मागचे दोन्ही पाय फरफटतायत, हिरड्या पांढऱ्या आहेत, श्वास कष्टाने चाललाय, रक्त थांबत नाही, पोट अचानक फुगलंय, कुत्रा हाक मारूनही मान उचलत नाही: ही रात्रीच हालचाल करायची लक्षणं. तीन पायांवर नीट उभा राहून लंगडणारा, शुद्धीत असलेला कुत्रा मात्र, हाड मोडलेलं असलं तरी, बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबू शकतो. हे ऐकायला निष्ठुर वाटेल. पण मध्यरात्री एकट्याने वेगवान रस्त्यावर त्याच्या मागे धावलात, की तो घाबरून ट्रकखाली जातो. मी हे बघितलंय. पुन्हा बघायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विचारपूस. रस्त्यावरचा कुत्रा सहसा ‘कुणाचाच नसलेला’ नसतो. टपरीवाला, रखवालदार, भंगारवाला, पहाटे दूध टाकणारा मुलगा, यांतल्या कुणाच्या तरी हाकेला तो शेपूट हलवतो. एकदा एक जोडपं महामार्गावरून एक लंगडी कुत्री घेऊन वीस किलोमीटरवरून माझ्याकडे आलं. फार चांगली माणसं, गाडीची सीट रक्ताने भरली तरी एका शब्दाने कुरकुर नाही. तिसऱ्या दिवशी एका ढाब्यावरचा आचारी शोधत शोधत दवाखान्यात आला. त्याने दारातून ‘चंपे’ अशी हाक मारली, आणि तीन दिवस कोपऱ्यात तोंड घालून पडलेली कुत्री प्लॅस्टर ओढत दारापर्यंत गेली. त्या दिवसापासून मी ‘कुठून आणलं’ हे कागदावर आधी लिहून घेते, जखम नंतर बघते.

हे कागदावर लिहिण्याला आणखी एक कारण आहे. कुत्र्याची जागा हीच त्याची सुरक्षितता असते. बरा झालेला कुत्रा ‘चांगल्या सोसायटीत’ किंवा मंदिराजवळ सोडला, की तिथली कुत्री त्याला फाडतात किंवा तो घर शोधत रस्त्यावर येतो. कायदाही हेच सांगतो. २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा उचलला तिथेच परत सोडायचा असतो. २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवलं, रेबीज झालेली वा संशयित आणि आक्रमक कुत्री वगळून. नंतर ७ नोव्हेंबर २०२५ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री हलवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश झाला. म्हणून अशा आवारातला कुत्रा असेल तर नगरपरिषदेशी बोलल्याशिवाय हात घालू नका.

आता एक प्रकार असा आहे जिथे मी स्वतःही हात लावत नाही. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लाळ गाळत अंगावर धावणारा कुत्रा येतो. तसा असतोच. पण रेबीजचं एक मुकं रूपही आहे. त्यात कुत्रा कोपऱ्यात, अंधारात पडून राहतो. जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज घोगरा आणि विचित्र होतो, मागचे पाय लटपटतात. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याच्या घशात हाडूक अडकलंय. एका उन्हाळ्यात एक चहावाले काका असाच कुत्रा हातगाडीवर घालून घेऊन आले. ‘मॅडम, हाडूक अडकलंय, मी बोटाने काढायला बघितलं पण लागत नाही हाताला.’ मी टॉर्च लावली. जीभ कोरडी, मातकट पडलेली, जबडा सैल, आणि टॉर्चकडे बघणारे डोळे जणू माझ्या पलीकडचं काहीतरी बघत होते. मी कुत्र्याला वेगळं ठेवलं आणि काकांना आधी बेसिनपाशी नेऊन हात धुवायला लावले, मग माझ्या गाडीत बसवून सिव्हिलला नेलं. कुत्रा दुसऱ्या रात्री गेला. काकांनी सगळे डोस घेतले, आजही त्यांचा चहा चालू आहे. तेव्हा घशात काही अडकल्यासारखा दिसणारा, अनोळखी, लाळ गळणारा कुत्रा दिसला तर तोंडात बोट घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही. लोकांना लांब ठेवायचं आणि नगरपालिकेच्या पथकाला किंवा पशुवैद्यकाला कळवायचं. डिस्टेंपर नावाच्या आजारातही झटके येतात, नाका-डोळ्यांतून पू येतो, चाल बिघडते, आणि तो रस्त्यावर उभं राहून मलाही दरवेळी वेगळा सांगता येत नाही. मग तुम्हाला कसा येईल?

हे सगळं पाहून झालं आणि उचलायचंच ठरलं, तर एकट्याने नाही. दोन माणसं हवीत, आणि त्यातलं एक त्या कुत्र्याच्या ओळखीचं असेल तर निम्मं काम झालं. समोरून न जाता अर्धवर्तुळात, अंग तिरपं ठेवून, नजर जमिनीकडे ठेवून जवळ जायचं. पाच-सहा हातांवर खाली बसायचं आणि खाणं हातातून न देता त्याच्यापुढे टाकायचं. बिस्किटापेक्षा वास असलेलं काही: उकडलेलं अंडं, चिकनचा रस्सा लावलेली भाकरी. खाल्लं तर पुढचा तुकडा थोडा जवळ टाकायचा. अर्धा तास लागला तर लागू दे.

ओळखीचा माणूस त्याच्या डोक्यापाशी राहून त्याच्याशी बोलत असताना दुसऱ्याने मागच्या बाजूने जाड चादर किंवा घोंगडी डोक्यासकट अंगावर टाकायची. अंधार झाला की बहुतेक कुत्री शांत होतात. तोंड बांधायचं तर सुती ओढणी घ्या. मध्यावर सैल फास करायचा, तो नाकाडावरून घालून वर ओढायचा, टोकं जबड्याखाली नेऊन एक गाठ मारायची, मग कानांमागे मानेवर बांधायचं. शेवटची गाठ अशी मारा, की एका ओढीत सुटेल. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतच अंग थंड ठेवतो, म्हणून वीस मिनिटांच्या वर तोंड बांधून ठेवू नका. आणि उलटी होत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा श्वास जड असेल तर मुळीच बांधू नका. ही गाठ आधी घरच्या लोडावर दहा वेळा मारून बघा, आणि तरी खऱ्या कुत्र्यावर पहिल्यांदा मारताना जवळ अनुभवी माणूस असू द्या.

वाहनाची धडक बसलेल्या कुत्र्याला काखेत हात घालून उचलू नका, पाय धरून तर नाहीच. पाठीच्या कण्याला मार असेल तर त्या एका उचलण्याने उरलेलं नुकसान होतं. प्लायवूडचा तुकडा, सुटं दार, ताणलेलं पोतं, काहीही सपाट घ्या आणि कुत्र्याला त्यावर सरकवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच मिनिटं न उचलता दाबून धरा. वर दोरी आवळू नका. बाइक कधीच नको. रिक्षा किंवा टेम्पो बघा, कुत्रा खाली फळीवर, आणि तुमचं तोंड त्याच्या तोंडापासून लांब.

निघण्याआधी दवाखान्याला फोन करा. आम्हाला ते खरंच लागतं: जागा आहे का, एक्स-रे चालू आहे का, भूल द्यायला दुसरं माणूस आहे का. १९६२ हा शासनाचा टोल-फ्री क्रमांकही लावून बघा. ती फिरती पथकं मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहेत, पण जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता तरी मिळतो.

घरातली औषधं देऊ नका हे मी हात जोडून सांगते. माणसांच्या दुखण्यावरच्या आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. ‘अर्धीच दिली होती’ म्हणत आणलेले कुत्रे मी मोडलेल्या पायाने मेलेले पाहिले नाहीत, त्या अर्ध्या गोळीने मेलेले पाहिलेत. जखमेत अळ्या पडल्या असतील तर फिनाईल ओतू नका. अळ्या मरतात हे खरं, पण फिनाईल कातडीतून आत जातं, कुत्रा चाटतो आणि विषबाधा होते. त्यासाठी वेगळे स्प्रे मिळतात, डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा. उपाशी कुत्र्याला एकदम ताटभर घालू नका, थोडं थोडं चार वेळा द्या. आणि एकट्या सापडलेल्या पिल्लाचं अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. गारठलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, फुप्फुसात जाण्याची भीती असते. आई अन्न शोधायला गेलेली असू शकते, म्हणून पिल्लू उचलण्याआधी दोन-तीन तास लांबून वाट बघा, पिल्लं गारठलेली किंवा धोक्याच्या जागी नसतील तर.

उलट बाजूही सांगते, कारण ती फार थोड्यांना माहीत असते: पुष्कळ आजारांत कुत्र्याला पकडावंच लागत नाही. खरूज आणि गोचिडांवर आता खाण्यातून द्यायच्या गोळ्या आहेत. डॉक्टर व्हिडिओवरून वजनाचा अंदाज घेतात, गोळी अंड्यात घालून द्यायची, झालं. दुखण्याची कुत्र्यांसाठीची औषधं, प्रतिजैविकं हेही असंच चालतं, फक्त रोज वेळेवर घालणारा माणूस हवा. म्हणून मी टपरीवाल्याला फार मान देते. लघवीच्या जागेतून रक्त ठिबकणारे कुत्रे लोकांना अपघाताचे वाटतात. पुष्कळदा तो गाठीचा संसर्गजन्य आजार असतो, आठवड्याला एक असं इंजेक्शन काही आठवडे द्यावं लागतं, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तिथे मात्र तोच कुत्रा दर आठवड्याला त्याच जागी सापडायला हवा.

आणि हो, हे काम पुढेही करायची इच्छा असेल तर स्वतः आधीच लस घेऊन ठेवा: ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी, असे तीन डोस. नंतर कधी दात लागला तर धुणं असतंच, पण मग ० आणि ३ असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. आत्ताचा तुमचा कोर्स पूर्ण झाला की तुम्हीही त्याच यादीत येता.

तर तुमच्या तांबूस कुत्र्याबद्दल. तुम्ही सांगितलेल्यावरून तो उभा होता, तीन पायांवर चालत होता, शुद्धीत होता. म्हणजे तुम्ही त्याला मरायला सोडून आलात असं नाही, हे मनातून काढा. पण त्याने बिस्कीट नाकारलं आणि तो तुमच्या हातावर आला, त्यामुळे पुढचे दहा दिवस त्याच्यावर नजर हवी, त्याच्या पायासाठी आणि तुमच्यासाठीही. रुग्णालयातून सरळ त्या टपरीवर जा, दिवसाउजेडी. हात लावायचा नाही. टपरीवाल्याला विचारा: हा इथलाच का, काय नावाने हाक मारता, कालपेक्षा वागणं बदललंय का, खातोय-पितोय का. चालतानाचा व्हिडिओ बाजूने आणि मागून काढा, तीस सेकंद पुरे. तो जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा आणि टपरीवाल्याचा नंबर घ्या. कुत्रा जेवत असेल तर दुखण्याचं औषध अंड्यातून सुरू होईल, आणि दोन-तीन दिवसांत ओळखीच्या माणसाकडून त्याला एक्स-रेसाठी नेता येईल. जबडा लोंबला, आवाज बदलला, पाणी गिळेना किंवा कुत्रा दिसेनासाच झाला, तर तुमच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

पहिल्या डोसनंतर तीन दिवसांनी येणारा डोस पाळीच्या वेळेत येत असेल तर सुपरवायझरला रुग्णालयाचा कागद दाखवून तासभर सुटी मागून घ्या. तो डोस चुकवू नका.